शहाण्णवची लय

१२ जानेवारी २०२४, शुक्रवार

सदाशिवरावांनी सांगितलं म्हणून ही वही आणली. दारव्ह्याला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. ते म्हणाले, जुनी टेप आणि कॉम्प्युटर एकत्र चालवायचे असतील तर रोज लिहून ठेव: मशीन किती वाजता सुरू केलं, किती तापलं, किती मागं पडलं. नाहीतर काल काय बदललं ते आज आठवत नाही.

काम असं आहे. बाच्या लेंग्या नव्या साजात काढायच्या. बा म्हणजे माझे वडील, भीमसिंग आडे. होळीच्या महिन्यात आमच्या तांड्यात लेंगी गातात, तेव्हा बाचा नगारा ऐकायला दिग्रस-पुसदकडून माणसं यायची. १९९७ साली त्यांनी एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्राचा चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर आणला आणि घरातच सहा लेंग्या भरल्या. एका ट्रॅकवर आधी त्यांचा नगारा, मग तो ऐकत दुसऱ्यावर याडीचा म्हणजे आईचा आवाज, तिसऱ्यावर थाळी. चौथा रिकामा. बाला जाऊन पंधरा वर्षं झाली. आमचे नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, शंकरसिंग यांनी सांगितलं की १८ मार्चला दिग्रसच्या मेळाव्यात ही गाणी लावायची. आर्णीत घरातल्याच स्टुडिओत लग्नाची गाणी आणि डीजेचे मिक्स करत मी चौदा वर्षं काढली. असं काम पहिल्यांदाच आलं.

याडीला सांगितलं. ती सुपात तूर पाखडत होती. म्हणाली, "त्या टेपा हायेत का अजून?" मग पाखडत राहिली. मला वाटलं होतं तिला आनंद होईल.

१६ जानेवारी, मंगळवार

दुपारी १२ ते ४. वीज बरी होती.

पहिल्यांदा टेप आणि कॉम्प्युटर एकाच वेळी हातानं सुरू करून पाहिले. मिनिटभरात अर्ध्या सेकंदाचा फरक. गाणं संपेपर्यंत बाचा नगारा एकीकडे आणि माझा नवा ढोल भलतीकडेच. जुन्या मशीनची मोटर कधी दमते, कधी पळते. कॉम्प्युटर मात्र काट्यावर चालतो.

त्यावर उपाय म्हणजे सिंकची डबी. ती चौथ्या रिकाम्या ट्रॅकवर एक खरखर भरते. कानाला कचरा वाटतो, पण त्या खरखरीत वेळ लिहिलेली असते. टेप चालली की डबी ती वाचते आणि कॉम्प्युटरला सांगते, आता इथं आहे, आता इथं. टेप कुणाचं ऐकत नाही, ती आपल्या चालीनं जाते. कॉम्प्युटरनं तिच्या मागं चालायचं.

खरखरीचा आवाज कमी भरला गेला. कॉम्प्युटर दर वीस सेकंदांनी अडकायचा. सहाव्यांदा अडकला तेव्हा मी हेडफोन भिंतीवर फेकला. नेमकी माझी बायको अंजू चहा घेऊन आत आली, कप फुटला, तिच्या पायावर चहा सांडला. आत येण्याआधी दार वाजव म्हणून किती वेळा सांगितलं आहे.

नवा हेडफोन आणावा लागेल.

२४ जानेवारी, बुधवार

मशीन घेऊन दारव्ह्याला गेलो. शेअर जीपमध्ये पूर्ण रस्ता मांडीवर धरून बसलो. सदाशिवरावांनी नवा बेल्ट घातला, हेड पुसलं, मोटरचा वेग लावून दिला.

सोबत बाचा जुना माईकही नेला होता, याडी ज्यावर गायली तो. त्याची जाळी एका बाजूनं चेपली आहे. सदाशिवरावांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला. म्हणाले, हा माझ्याकडे आधी येऊन गेला आहे. भीमसिंगनंच आणला होता. तेव्हा जाळी उघडली तर आत रक्त वाळलेलं होतं, ते स्पिरिटनं पुसून दिलं होतं. मी विचारलं, बाला लागलं होतं का? ते म्हणाले, भीमसिंगला तर काही लागलेलं दिसत नव्हतं. मग गिऱ्हाईक आलं आणि विषय राहिला.

बा असाच होता. वाजवताना बोटं फुटली तरी थांबायचा नाही. कदाचित तेच रक्त.

१ फेब्रुवारी, गुरुवार

आज जमलं. पहिली लेंगी सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॉम्प्युटर टेपच्या मागं चालला, एकदाही सुटला नाही. मी एकटाच स्टुडिओत हसलो. सत्तावीस वर्षांपूर्वीचा नगारा आणि कालचा माझा ढोल एकमेकांना धरून. बा समोर बसल्यासारखा वाटला.

दुसरी लेंगीही बरी. तिसरीत अडचण आहे. दुसऱ्या कडव्यात नगारा नव्या ढोलापासून सुटतो. याडीच्या ट्रॅकवर तिथं एक 'थाप' असा आवाज आहे, नगाऱ्याचा नाही, कोरडा. त्यानंतर चार ठोके याडी गातच नाही. मग बा म्हणतो, "पुन्हा." मग ती गाते, पहिल्यापेक्षा उंच आवाजात. बानं मांडीवर थाप मारून ताल दिला असावा. तो आवाज काढून टाकता येईल.

याडीला ऐकायला बोलावलं. तिसरी लेंगी लावली तशी ती उठून अंगणात गेली. म्हणाली गाय सुटली. गाय बांधलेलीच होती.

८ फेब्रुवारी, गुरुवार

थाळी नव्यानं भरायला पूनमसिंगला बोलावलं होतं. लहानपणापासून बाच्या पार्टीत वाजवलेला माणूस, साठीचा. तिसरी लेंगी चारदा वाजवली आणि थाळी खाली ठेवली. म्हणाला, "इंदर, इथं नगारा धावते. भीमसिंगची ती सवयच होती. राग आला की धावे. मी कोनाच्या मागं वाजवू, तुह्या याडीच्या का बाच्या?"

मी म्हटलं, बाबद्दल तोंड सांभाळून बोल. तो म्हणाला, खोटं नाही बोललो, सगळ्या तांड्याले माहीत हाये.

पितळी थाळी माझ्या हाताशी होती. तोंडावर बसली. वरचा ओठ फाटला, पुढचा एक दात हलला. गमछा तोंडाला लावून तो निघून गेला. फरशीवरचं रक्त अंजूनं पुसलं.

माणूस मेल्यावर त्याच्या नावावर काहीही खपवायचं, हे मला चालत नाही. हात उचलायला नको होता, हे खरं. पण त्यानं ती वेळ आणली.

थाळी मी स्वतःच वाजवीन.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

तिसरी लेंगी पाच दिवस अडून आहे. बेल्ट पाहिला, हेड पाहिलं, खरखर पुन्हा भरली. शेवटी सदाशिवरावांना फोन केला. त्यांनी फोनवरूनच खरखर ऐकली, मी पाठवलेले आकडे वाचून घेतले. म्हणाले, "मशीन सरळ चालून राह्यलं, इंदरभाऊ. डबीपन बराबर हाये. मशीनची चाल डबीले समजते, मानसाची नाही समजत. वाजवनाराच जलद झाला तर ते तुमाले हातानंच मोजा लागन."

मी फोन ठेवून दिला. मग दिवसभर बसून नगाऱ्याच्या एकेका ठोक्यावर हातानं खूण केली आणि कॉम्प्युटरला त्याच्या मागं लावला. आता नवा ढोल बाच्या प्रत्येक ठोक्याला धरून आहे. तो वळेल तिथं वळतो. याडीच्या ट्रॅकची लय मोजण्याचं कारण नव्हतं. गाणाऱ्यानं नगाऱ्यामागं जायचं असतं.

माझी मुलगी खुशी हल्ली स्टुडिओत येत नाही. पूर्वी शाळेतून आली की माईकसमोर उभी राहायची. चौथीचा अभ्यास वाढला असेल.

१७ फेब्रुवारी, शनिवार

आज लिहावं की नाही, ठरत नव्हतं. नोंद ठेवायची म्हटलं तर सगळीच ठेवावी.

याडीच्या आवाजाला जोड हवी होती. तिनं गायला नकार दिला, गळा राहिला नाही म्हणाली. अंजू चांगली गाते. मारेगावला तिच्या माहेरच्या तांड्यात होळीला तिचाच आवाज पुढं असायचा, आमची सोयरीक झाली तीही तिचं गाणं ऐकून. तिला हेडफोन घालून माईकसमोर उभं केलं. कानात टेप, टेपमागं कॉम्प्युटर, त्यावर तिचा आवाज.

तिसरी लेंगी, दुसरं कडवं. तिथं आली की मागं पडायची. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, दहाव्यांदा. दर वेळी त्याच शब्दावर. मी समजावलं, नगारा ऐक. ती म्हणे, ऐकूनच राह्यली. अकरा वाजल्यापासून एकतीस वेळा झालं. एकतिसाव्यांदा गाता गाता थांबली आणि म्हणाली, "याडी बराबर गाऊन राह्यली. मी तिच्या मागं जातो. नगाऱ्याचं चुकते इथं."

एकच मारली. हेडफोनवरून, डाव्या बाजूला. ती माईकच्या स्टँडवर पडली, स्टँड तिच्या अंगावर. उठत नव्हती म्हणून दंडाला धरून उठवली, तेव्हा माझा हात पुन्हा चालला असेल, नीट आठवत नाही. हेडफोन काढला तर त्यात रक्त होतं, कानातून आलेलं. रेकॉर्डिंग चालूच होतं, ते मी नंतर बंद केलं.

बा पण गाणं असंच बसवायचा. त्याशिवाय गाणं उभं राहत नाही. सगळ्यांना गोड बोलून काम करून घेता आलं असतं तर घरोघर कलाकार झाले असते.

ती रडली नाही. ते मला बरं वाटलं नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार

अंजूच्या कानातून पाणी येत होतं म्हणून यवतमाळला नेलं. डॉक्टर म्हणाले पडदा फाटला आहे, मोठं भोक आहे. आपोआप भरला नाही तर ऑपरेशन. कसं झालं म्हणून त्यांनी मला बाहेर बसवून तिला विचारलं. न्हाणीत पाय घसरला, असं तिनं सांगितलं. मोठी समजूतदार आहे.

परतताना जीपमध्ये मी तिला संत्री घेऊन दिली. तिनं ती शेजारच्या बाईच्या पोराला दिली.

याडीनं रात्रीचं जेवण अंजूच्या खाटेवर नेऊन दिलं. तिच्याशी कानाजवळ जाऊन काही बोलत होती. मला पाहून गप्प झाली. फोनही याडी नेहमी उजव्याच कानाला लावते, वयामुळं डावा गेला आहे. आता घरात दोघी तशाच झाल्या.

२५ फेब्रुवारी, रविवार

मेळाव्याला तीन आठवडे. अंजूला म्हटलं, बसून गा, पण गा. ती म्हणाली नाही गात. मी म्हटलं, एका कानानंही सूर लागतो. ती दारातून निघाली. मी वेणी धरून मागं ओढली. तिनं हाताला चावा घेतला, दोन दात रुतले, अजून निळं आहे. मग मी तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा. कदाचित दोनदा.

याडी मधे आली. तिनं अंजूला मागं घेतलं आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी तिला बाजूला सारली. एवढीशी म्हातारी, वजनच नाही. टेबलाच्या कोपऱ्यावर पडली, कोपर फुटलं.

मी घाबरलो. याडीवर मी कधी हात टाकला नव्हता. पाणी आणायला गेलो. परत आलो तर ती ओट्यावर बसून फोनवर बोलत होती. उजव्या कानाला फोन, डाव्या हाताच्या कोपरातून रक्त. फोन अंजूच्या भावाला होता, बबलूला. म्हणाली, "तुह्या बहिनीले घेऊन जाय. अन् मलेपन."

असं माझ्याच आईनं करावं?

२६ फेब्रुवारी, सोमवार

उजवा हात शाबूत आहे, म्हणून लिहितो आहे. डावा मनगटातून मोडला आहे. दोन बरगड्या.

बबलू सकाळी दहाला मारेगावहून आला, जीप घेऊन, सोबत कुणी नाही. अंगणात मी म्हटलं, बस, चहा घे. त्यानं आधी अंजूला पाहिलं. तिच्या कपाळाची सूज पाहिली, कान पाहिला. मग जीपकडे गेला आणि जॅकचा दांडा काढून आणला.

पहिला वार मी हातावर घेतला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, कापसाची वाळलेली पऱ्हाटी मोडते तसा. दुसरा बरगड्यांवर. मी खाली पडलो तेव्हा तो लाथांनी मारत होता आणि प्रत्येक लाथेला मोजत होता. रस्त्यावर माणसं थांबली होती. शेजारचे पाहत होते. कुणी पुढं आलं नाही, पूनमसिंग तर माझ्या फाटकाला टेकून उभा होता.

याडी ओट्यावर बसून होती. खुशीचं तोंड तिनं पदरात धरलं होतं. बबलूनं दांडा माझ्या डोक्यावर उचलला तेव्हा ती म्हणाली, "डोक्यावर नोको." बस, तेवढंच. थांब म्हणाली नाही.

बबलूनं दांडा फेकला आणि नळावर हात धुतले.

मग याडी स्टुडिओत आली. मी भिंतीला टेकून बसलो होतो. म्हणाली, "तिसरी लाव." मी म्हटलं, हात मोडला आहे. ती म्हणाली, "एका हातानं लागते ते."

लावली. तिनं हेडफोन उजव्या कानाला धरला आणि उभ्यानं ऐकत राहिली. दुसरं कडवं आलं तसं तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हेडफोनची दुसरी बाजू माझ्या कानाशी आणली. थाप वाजली.

"हा तुह्या बाचा हात," ती म्हणाली. "माह्या तोंडाशी माईक धरून होते, तोच मारला. त्या दिवसापासून मले इकडून ऐकू नाही येत. तू तवा चौदा वर्षांचा होता. दाराशी उभा होता तू."

मला ते आठवत नाही. मी तिला तसं सांगितलं.

"मी चुकली नोती," ती म्हणाली. "नगारा धावत होता. मी त्यायले आधीच म्हटलं होतं, हळू वाजवून पुन्हा भरा. त्यायले ते सहन नाही झालं. मंग रडतच पुरी केली मी ते लेंगी, अन् तू तिले मोठं गानं म्हनून लोकायले ऐकवून राह्यला."

मी विचारलं, इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, "बोलून कोनाले सांगू? तू त्यायचंच पाह्यत होता."

अकरा वाजता जीप गेली. याडी, अंजू, खुशी. याडीनं तिची पत्र्याची पेटी नेली, म्हणजे लवकर येण्याचा विचार नाही.

४ मार्च, सोमवार

घरात एकटा. प्लास्टर घातलं आहे. शंकरसिंग येऊन गेले, म्हणाले बायकांना दोन दिवस राग असतो, आपण बैठकीत मिटवू, तू गाणी तेवढी पूर्ण कर. अंजूनं मारेगावच्या ठाण्यात तक्रार दिली आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

मी गाणी पूर्ण करायला बसलो. खरं तर याडीचं खोटं आहे हे दाखवायला बसलो. मशीन खोटं बोलत नाही. एका हातानं तिच्या ट्रॅकवरच्या एकेका शब्दावर खूण केली, जशी बाच्या ठोक्यांवर केली होती. तीन तास लागले.

याडी मिनिटाला शहाण्णव ठोके. पहिल्या शब्दापासून. पहिलं कडवं शहाण्णव, दुसरं शहाण्णव, थापेनंतर रडत गायली तेही शहाण्णव. कधी अर्धा ठोका इकडे, अर्धा तिकडे.

बाचा नगारा शहाण्णववर सुरू होतो. दुसऱ्या कडव्यात नव्व्याण्णव, मग एकशे तीन, मग एकशे आठ.

दोनदा मोजलं. मशीनचा दोष असावा म्हणून खरखर तपासली. मशीनचा दोष असता तर दोघांची लय सारखीच बिघडली असती. टेप तर एकच आहे.

मग अंजूचं एकतिसावं उघडलं. ते उघडायचं नव्हतं. तीही शहाण्णव. एकतीस वेळा बरोबर होती.

५ मार्च, मंगळवार

त्या एकतिसाव्याला खाली बाची टेप आहे आणि वर अंजूचा आवाज, दोन्ही एकाच वेळेला बांधलेले. बाचा नगारा जिथं एकशे आठवर जातो तिथं याडी अडली होती. तिथंच अंजूही अडली, कारण तिच्या कानात तोच नगारा होता आणि तो मीच नेमका तिथं बसवला होता. पडद्यावर दोन रेघा उभ्या राहिल्या आहेत. खाली बाची थाप. वर, पाच-सहा सेकंदांनी, माझी. त्या पाच सेकंदांत अंजूचं वाक्य आहे, की नगाऱ्याचं चुकते इथं.

माझी थाप एक नाही. तीन आहेत. एक उभ्यानं, दोन ती खाली पडल्यावर. मधे माझा आवाज आहे. "पुन्हा," असं मी म्हणतो. जमिनीवर पडलेल्या बाईला मी 'पुन्हा' म्हणतो.

या वहीत मी 'एकच मारली' असं लिहिलं आहे. ते खोडत नाही.

सकाळपासून काही खाल्लं नाही.

७ मार्च, गुरुवार

दारव्ह्याला वकिलाकडे गेलो. ते म्हणाले केस कच्ची आहे. बाईनं डॉक्टरला स्वतः सांगितलं आहे की न्हाणीत पडली, तो कागद आपल्या कामाचा. उलट बबलूनं तुमचा हात मोडला, साक्षीदार आहेत, आपण त्याच्यावर तक्रार टाकू, मग ते आपोआप मागं घेतील. कुठं काही फोटो, काही रेकॉर्डिंग वगैरे नाही ना? त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, नसेल तर उत्तम, आणि असेल तर नसलेलं बरं.

घरी येऊन कॉम्प्युटर सुरू केला. रेकॉर्डिंग पुसायला एक बटण दाबायचं आहे. बोट ठेवून बसलो. विचार आला की पुसलं तर अंजू परत येईल, खुशीला बाप मिळेल, मेळावाही होईल. मग वाटलं, बाला ही संधी मिळाली असती तर त्यानंही पुसलं असतं. पण त्याला ती थाप पुसण्यासारखी वाटलीच नाही. म्हणून टेपवर राहिली.

बटण दाबलं नाही. पण दाबणार नाही असंही ठरवलं नाही. हे खरं लिहून ठेवतो.

१० मार्च, रविवार

पूनमसिंगच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं, बसंतीबाईनं, दार उघडलं नाही. बाहेरूनच म्हटलं, काका, मी मोजलं, नगारा धावतो. आतून पूनमसिंग म्हणाला, "ते मोजा लागते का बापा?"

मी म्हटलं, माझं चुकलं. तो म्हणाला, "जाय आता."

शंकरसिंगांना सांगितलं की गाणी होणार नाहीत. ते खूप बोलले. समाजाचं नाव, बाचं नाव. मी ऐकून घेतलं. हात शिवशिवत होता, उजवा. खिशात घालून उभा राहिलो.

१२ मार्च, मंगळवार

सकाळच्या बसनं मारेगावला. पेन ड्राइव्ह शर्टाच्या खिशात, कॅसेट पिशवीत. वणीच्या फाट्यापर्यंत तीनदा उतरून परत फिरावंसं वाटलं.

ठाण्यात जमादार आणि एक बाई शिपाई होत्या. मी नाव सांगितलं, म्हणालो अंजू आडेनं दिलेल्या तक्रारीतला माणूस मी. ते म्हणाले नोटीस निघायची आहे, तुम्ही आधीच कसे आलात? मी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला, म्हटलं, मी तिला तीनदा मारलं ते यात आहे.

त्यांनी कॉम्प्युटरवर लावला. खोलीत नगारा वाजू लागला. शेजारच्या टेबलावरचे दोघं मान हलवायला लागले, ठेका धरला. मग दुसरं कडवं आलं. मग मान हलवणं थांबलं. सगळं संपल्यावर जमादारांनी ते मागं घेऊन पुन्हा लावलं. मी भिंतीकडे पाहत होतो.

"मारन्याचे आवाज चार हायेत," ते म्हणाले. "तुमी तीन म्हन्ता. पयला कोनाचा?"

"बाचा."

"तो कुठं हाये?"

"मेला."

"अन् मागून रडत गाते ते कोन?"

"आई. ती तुमच्या गावातच हाये आता."

बाई शिपायांनी लिहून घेतलं. त्या मधे मधे थांबत होत्या. मी बबलूवर तक्रार देणार नाही, हेही लिहा म्हटलं. त्यांनी ते वेगळ्या कागदावर घेतलं. दोन्हीवर सही केली. जमादार म्हणाले, आता इथंच बसा, साहेब आल्यावर अटकेचं ठरेल, आणि बाईला बोलावलं आहे, तिचा पुरवणी जबाब घ्यायचा आहे.

तासाभरानं अंजू आली, बबलू आणि याडीसोबत. तिच्या कानात कापूस होता. बाई शिपायांनी तिला रेकॉर्डिंगबद्दल सांगितलं, ऐकायचं आहे का विचारलं. ती नाही म्हणाली. याडीला मी कॅसेट दिली. तिनं ती पाहिली, आणि पदराच्या टोकात बांधली.

मी अंजूला विचारलं, घरी कधी येशील? मला वाटलं होतं, मी स्वतः होऊन आलो, एवढं आणून दिलं, आता ती काहीतरी बोलेल.

ती माझ्यासमोर उभी राहिली. बबलू पुढं आला, तिनं त्याला हातानं थांबवलं.

"हे तुमी कायले आनलं?"

मी म्हटलं, "खरं हाये म्हनून."

"मले ते आनून द्याची गरज नोती," ती म्हणाली. "मी तिथंच होती. ते तुमाले ऐकाचं होतं, तुमी ऐकलं. आता मी येतो असं काहून वाटलं तुमाले?"

ती वळून बाई शिपायांच्या टेबलासमोर खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "लिहा. पयल्यापासून सांगतो. लग्न झालं त्याच्या चवथ्या दिवशी पयल्यांदा मारलं."

मी बाकावर बसून होतो. ती सांगत गेली, वर्षं, महिने, कुठल्या खोलीत, कशानं. यातलं बरंचसं मला आठवतही नव्हतं. तिचा आवाज एकदाही वर गेला नाही, घाईही नव्हती. चौथा कागद भरला तेव्हा बाई शिपायांनी नवा घेतला, आणि अंजू त्यांचं लिहून होईपर्यंत थांबली, मग पुढचं सांगू लागली.